'माहोल' आणि 'हवालदार' एकाच घरचे

प्रश्न : गणपतीच्या मिरवणुकीत ढोल-ताशा सुरू झाला की आमच्याकडे सगळे म्हणतात, "काय माहोल झालाय!" मला वाटायचं हा शब्द 'हवा'वरून आला असेल, हवा झाली तसा माहोल झाला. आणि मित्र म्हणतो 'माहोल' चूक, 'माहौल' लिही. खरं काय?
– एक वाचक, सांगली

उत्तर : 'हवा'वरून आला असेल असं मलाही खूप वर्षं वाटायचं, पण तसं नाहीये. शब्द मूळचा अरबी, आणि तिकडे ते दोन शब्द आहेत, 'मा' म्हणजे जे आणि 'हौल' म्हणजे भोवती, थोडक्यात जे भोवती आहे ते. आपला 'भोवताल' बघा ना, जवळजवळ तोच अर्थ. अरबीतून फारसी-उर्दूत, तिथून हिंदीत आणि मग आपल्याकडे असा तो आलाय.

मला सगळ्यात आवडतं ते या 'हौल'चं गणगोत. ह-व-ल या तीन अक्षरांच्या मुळात फिरणं, बदलणं, पालटणं असा अर्थ आहे, त्यातूनच 'हाल' म्हणजे अवस्था, त्यातूनच 'हवाला' म्हणजे एकाकडचं दुसऱ्याकडे सोपवणं, आपण म्हणतो ना चोराला पोलिसांच्या हवाली केलं, तेच, आणि ज्याच्या हवाली एखादी गोष्ट केली तो 'हवालदार'. शिवकाळात गडाच्या किल्ल्या हवालदाराच्या ताब्यात असायच्या. म्हणजे तुमच्या मिरवणुकीतला माहोल आणि तिथेच कोपऱ्यावर बंदोबस्ताला उभे असलेले हवालदार, दोघं एकाच घरचे!

मग 'हवा' का नाही, तर अरबीत 'ह' दोन आहेत, एक घशातून खोल काढायचा आणि एक साधा. आपल्या कानाला दोन्ही सारखेच, म्हणून लिहिताना फरक पुसला गेला. माहोल, हाल, हवालदार यांचा ह घशातला, हवेचा ह साधा. 'हवालदिल' पण असाच फसवतो, तो हवालदाराचा कोणी लागत नाही, तिथे साध्या ह चा 'हौल' आहे म्हणजे धास्ती, आणि पुढे दिल.

आता स्पेलिंग. उर्दू-हिंदीत 'माहौल' हे बरोबरच. पण फौज, मौज, कौल हे शब्द आपल्याकडे फार आधी आले आणि त्यांचा औ तसाच टिकला, माहोल मात्र मला वाटतं बोलण्यातून, कानावर पडून आला, आणि हिंदीवाले औ उच्चारतात तो आपल्या 'अउ'सारखा नसतो, ओ-ऑच्या जवळचा असतो, म्हणून आपण ऐकलं तसं लिहिलं. मराठीत 'माहोल'च रुळलाय, बिनधास्त लिहा.

अजून एक, जे मित्राला नक्की सांगा. हिंदीत 'ग़म का माहौल' सहज म्हणतात, मराठीत दुःखाचा माहोल म्हटलं की कानाला खटकतं, तिथे आपण 'वातावरण' म्हणतो. घरात वातावरण तंग असतं, माहोल नाही. आपल्याकडे माहोलला माणसं लागतात, गलका लागतो, आणि चांगला की वाईट हे वेगळं सांगावं लागत नाही, नुसतं "माहोल केला राव" म्हटलं की पुरतं.