नोटीस पाठवली म्हणून मुदत थांबत नाही

प्रश्न: मी सांगलीत विश्रामबागला घरून ग्राफिक डिझाइनची कामं घेते. तासगावच्या एका बेदाणा व्यापाऱ्याला पाकिटांची डिझाइनं करून दिली. ठरले 1,60,000, यूपीआयवर आले 20,000. बाकीचे 'सौदे झाले की देतो' म्हणत राहिलेत. काम 10 डिसेंबर 2023 ला सोपवलं. करार नाही, ईमेलवर कोटेशन आणि त्यांचं 'ओके' आहे. दोनदा वकिलाची नोटीस पाठवली. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) गेल्या वर्षी केली. पोलिसांत जावं का? पुढे काय काळजी घ्यावी?

उत्तर: फोटोग्राफर, अनुवादक, घरून हिशेब लिहिणारे, सगळ्यांची पत्रं अशीच असतात. काम चोख आणि हातात कागद नाही. पोलिसांचं आधी सांगतो. सुरुवातीपासून फसवण्याचाच इरादा होता हे दाखवता येत नसेल, तर ठाण्यात 'हे दिवाणी आहे' एवढंच ऐकून परत याल.

तुमचं सगळं प्रकरण एका तारखेवर उभं आहे आणि पत्रात त्या तारखेची चिंता कुठेच नाही. केलेल्या कामाच्या पैशांसाठी दावा लावायला मुदत कायद्यानं तीन वर्षं मिळतात. पैसे कधी द्यायचे हे ठरलेलं नसेल तर ती काम पूर्ण झाल्यापासून मोजतात. म्हणजे 10 डिसेंबर 2026. नोटिशीनं ही मुदत एक दिवसही वाढत नाही, मग दोन पाठवा की दहा. फोनवरच्या 'देतो'नंही नाही. लोकअदालतीत दावापूर्व अर्ज दिला म्हणून थांबलात, तरी घड्याळ चालूच राहतं. दोन नोटिशींचा खर्च केलात, त्यातच दावा तयार झाला असता.

मुदत नव्यानं सुरू होते ती देणेकऱ्यानं ती संपण्याआधी सही करून बाकी कबूल केली तर. म्हणून तासगावला जा आणि एवढंच लिहून घ्या: 'डिझाइनच्या कामापोटी 1,40,000 रुपये देणे बाकी आहे.' खाली सही, तारीख, शक्यतो फर्मचा शिक्का. व्यापारी माणूस 'हिशेब जुळवून घेऊ' म्हटल्यावर सही करतो, 'कोर्टात जाते' म्हटल्यावर करत नाही. 10 डिसेंबरनंतर मिळालेली नुसती कबुली उपयोगाची नाही. तेव्हा पैसे देण्याचं स्पष्ट लेखी वचनच लागेल, आणि ते कोण देईल?

व्हॉट्सअ‍ॅपवरची कबुली चालेल का? चालू शकते, पण सहीचा वाद निघेल आणि नव्या पुरावा कायद्याच्या (भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023) कलम 63 चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं प्रमाणपत्रही जोडावं लागेल. चॅट पुसू नका, फोन विकू नका. यूपीआयचे 20,000 मुदत वाढवतील यावरही विसंबू नका; अंशतः रक्कम दिल्याची देणाऱ्याच्या हातची किंवा सहीची नोंद कायदा मागतो.

उद्यम नोंदणीचा आधार या बाकीला कच्चा आहे. कामानंतरची नोंदणी आधीच्या कामाला लागू होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 2021 मध्ये म्हटलं. 2025 मध्ये हा मुद्दा मोठ्या खंडपीठाकडे गेला आहे. त्याची वाट पाहत तुमची तारीख घालवू नका.

पुढच्या कामांना मात्र हीच नोंदणी कामी येईल. पैसे देण्याची लेखी ठरलेली मुदतही 45 दिवसांपलीकडे नेता येत नाही, आणि थकल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं. अ‍ॅडव्हान्स घेतल्याशिवाय फाइल उघडू नका. कोटेशनवर दोन ओळी कायम ठेवा: पैसे कोणत्या तारखेला, आणि डिझाइनचे हक्क पूर्ण रक्कम जमा झाल्यावरच ग्राहकाकडे. दर मार्चला प्रत्येक थकलेल्या गिऱ्हाइकाकडून बाकीवर सही घ्या. चार-सहा महिने एक पैसा आला नाही तरी घर चालेल एवढी रक्कम बाजूला हवी, कारण कोर्टातून पैसे यायला किती वर्षं लागतील हे कोणताही प्रामाणिक वकील सांगणार नाही. साध्या वसुलीच्या दाव्यात लोक तारखांवर झिजतात, हे लाजिरवाणं आहे.

आठवड्यात सही मिळाली नाही तर थेट दावा. तासगावच्या दिवाणी न्यायालयात लावलात तर हद्दीचा आक्षेप उरणार नाही. वकिलाची फी परवडत नसेल तर सांगलीच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा. महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जाताना कोटेशन, 'ओके'चा ईमेल, फाइल पाठवल्याची नोंद आणि बँकेचा उतारा न्या. वकीलपत्रावर सही केली म्हणजे दावा दाखल झाला असं नाही, नोंदणी क्रमांक हातात घ्या.