जिन्यावरचे दोन वकील

प्रश्न : माझे सासरे साताऱ्यात वकिली करत. त्यांच्या ऑफिसात एक जुनं काळं-पांढरं चित्र आहे. काळ्या गाऊनमधले दोन वकील काखेत कागद मारून, नाक वर करून भल्यामोठ्या जिन्यावरून उतरताहेत. खाली फ्रेंच मजकूर आहे. मीही वकील आहे. चित्र अस्सल आहे का? आणि आमच्या पोशाखाची टर उडवणारं चित्र ऑफिसात ठेवावं का?

उत्तर : ताई, तुम्ही पाठवलेला फोटो पाहिल्या पाहिल्या ओळख पटली. हे ओनोरे दोमिए या फ्रेंच व्यंगचित्रकाराचं चित्र. जिना पॅरिसच्या न्यायालयाचा. 'ल शारिवारी' या दैनिकात त्याने १८४५ ते १८४८ या काळात वकील-न्यायाधीशांवर जी मालिका केली, त्यातलं हे १८४८ सालचं.

दोमिए काचा बसवणाऱ्याचा मुलगा. पोरवयात तो एका बेलिफाच्या कचेरीत निरोप्या होता, त्यामुळे कोर्टाचे जिने त्याच्या पायाखालचे. पुढे राजा लुई फिलिपला पैशांच्या टोपल्या गिळणारा राक्षस म्हणून रंगवल्याबद्दल त्याने सहा महिने तुरुंग भोगला. १८३५च्या कायद्याने राजकीय व्यंगचित्रांवर बंदीच आली. राजाला हात लावता येईना, तेव्हा त्याने समाजाकडे मोर्चा वळवला, आणि गाऊन त्याच्या हाती लागला. फ्रेंच राज्यक्रांतीत गेलेला हा पोशाख नेपोलियनच्या अमलात, १८०२ मध्ये, हुकुमाने परत आला होता.

आता भिंग घ्या. मी तीस वर्षं शिळाछाप, म्हणजे दगडावर चित्र काढून त्यावरून छापणं, शिकवली, दगड घासून घासून बोटांचे ठसे पुसट झाले, म्हणून सांगतो : आधी तो काळा रंग बघा. चरबीयुक्त खडूने दगडावर थरावर थर चढवलेला काळा आहे तो. गळ्याशी पांढरा बँड दिसतो ना? तिथे रंग नाहीच, कोरा कागद आहे. तुमचा बँड दोन पट्ट्यांचा, त्यांचा एकच चुणीदार. गाऊन शिडासारखा फुगलाय आणि आतला माणूस त्याच्या आधाराने चाललाय. त्याच मालिकेत एक वकील हरलेल्या अशिलाला सांगतो, की खटला गेला खरा, पण माझं भाषण ऐकायला मजा आली असेल. ते वाचलं की मला त्या अशिलाचाच चेहरा आठवत राहतो.

भिंगाखाली सारख्या अंतरावर ठिपक्यांची जाळी दिसली, तर ती अलीकडची छपाई. खडूची ओबडधोबड, वाळूसारखी रवाळ खूण दिसली, तर दगडावरची. मग चौकट उघडून पाठ बघा. मागे फ्रेंच मजकूर छापलेला असेल, तर ते वर्तमानपत्रातलं पान. पाठ कोरी असली तरी निराश होऊ नका, कोऱ्या कागदावरही काही प्रती काढत. (आपल्याकडे गणपत कृष्णाजींनी मुंबईत शिळाप्रेसवर पंचांग छापलं ते १८३१ साली, 'ल शारिवारी' निघाला त्याच्या आदल्या वर्षी.)

ऑफिसात ठेवायचं का? जरूर ठेवा. अशील बसतात त्या खुर्चीसमोर लावा. फक्त उन्हात नको, आणि फाटलेल्या कोपऱ्याला सेलोटेप लावू नका. डाग कायमचा पडतो. पाठीचा फोटो पाठवलात, तर पुढचं सांगेन.