सगळं उचलून राहिला, म्हणून अडकून राहिला

‘स्कायरिम या व्हिडिओ गेममध्ये बॅग कायम फुल, पळता येत नाही, १४ ड्रॅगन बोन्स (ड्रॅगनची हाडं) घेऊन फिरतो आहे, स्मिदिंग (लोहारकाम) ३५ आहे, काय टाकू?’ असं विचारलंस. राजा, हा रोग मलाही होता. मे महिन्यातल्या एका दुपारी, कूलरपुढे बसून, गेममधल्या ड्वेमर नावाच्या लुप्त जमातीच्या खंडहरातलं दिसेल ते पितळ पाठीवर घेतलं. ओझं जास्त, म्हणून फास्ट ट्रॅव्हल (नकाशावरून थेट उडी) बंद. व्हाइटरन शहराकडे रांगत निघालो, सेव्ह करायचं राहिलं आणि अर्ध्या वाटेत लाइन गेली. कूलर थांबला, पितळही गेलं.

आपल्या नागपूरच्या इतवारीत सराफा ओळ आहे तशी लोहा ओळही आहे. सराफ्यातून माणूस लाखाचा माल खिशात घालून निघतो, लोहा ओळीतून निघायला हातगाडी लागते. तेवढंच बघायचं: किंमत भागिले वजन. फ्लॉलेस डायमंड ०.१ वजनाचा, किंमत १०००. आयर्न वॉरहॅमर २४ वजनाचा आणि शंभर नाण्यांचाही नाही. भागाकार दहाच्या खाली आला की मी हात लावत नाही.

वितळवायच्या मालाला मात्र किंमत बघू नको, त्यातून निघतं काय ते बघ. बेंट ड्वेमर स्क्रॅप २ वजनाचा, त्यातून ३ इनगॉट (धातूच्या विटा) निघतात. सॉलिड ड्वेमर मेटल २५ वजनाचा, निघतात ५. मी त्या दुपारी हेच सॉलिड वेचत बसलो होतो, कारण दिसायला भारी!

आता खरी गोम. अडचण बॅगेची नाहीच, दुकानदाराच्या गल्ल्याची आहे. किराण्यासारखं सगळं ठेवणाऱ्या दुकानदाराकडे साधारण ७५० नाणी असतात आणि गल्ला पुन्हा भरायला गेममधले ४८ तास लागतात. त्यात सुरुवातीला स्पीच (घासाघीस करायचं कौशल्य) कमी असतं, तेव्हा लिहिलेल्या किमतीच्या तिसऱ्या हिश्श्याइतकेच हाती येतात. दोन फेऱ्यांचा माल एकदाच वाहून आणलास तरी घेणार कोण?

दुसऱ्या गेममध्ये हे गणित तसंच लावू नको. फॉलआउट ४ मध्ये कबाडीवाल्याच्या नजरेनं फिरावं लागतं, तिथे टेबलफॅन म्हणजे स्क्रू आणि गिअर. विचर ३ मध्ये २०१५ च्या १.०७ पॅचनंतर (अपडेटनंतर) क्राफ्टिंगच्या, म्हणजे वस्तू बनवायच्या, सामानाला वजनच नाही, तिथे जडीबुटी बिनधास्त उचल.

तुझी हाडं: एकेक १५ वजनाचं, १४ गुणिले १५ म्हणजे २१०, आणि सुरुवातीची तुझी क्षमता ३००. एकाची किंमत ५०० आहे, म्हणजे भागाकारात ती पास होतात, पण चार-पाच विकली की गल्ला संपला, आणि ड्रॅगन आर्मरला स्मिदिंग १०० लागतं. तू आत्ता ३५ वर आहेस. आजच व्हाइटरनमधलं ब्रीझहोम हे घर घे, ५००० नाण्यांत मिळतं, आणि तिथल्या पेटीत टाकून ये. रस्त्यावरच्या पिंपात ठेवू नको बावा, ती पिंपं काही दिवसांनी नव्यानं भरतात आणि आपला माल गायब होतो.