‘असतात’ आणि ‘सगळे असतात’

‘तरुण माणसे उतावीळ असतात’, ‘म्हातारी माणसे हट्टी असतात’ अशी सरसकट विधाने रोजच्या बोलण्यात करणे न्याय्य आहे का, आणि त्यांत दरवेळी ‘काही’ किंवा ‘बहुतेक’ घालणे भाषेच्या दृष्टीने आवश्यक आहे का, असा प्रश्न विचारण्यात आला आहे.

मराठीत ‘आहे’ आणि ‘असतो’ या रूपांची कामे वेगळी आहेत. ‘पाणी थंड आहे’ हे समोरच्या पाण्याविषयी झाले. ‘बर्फ थंड असतो’ हे बर्फाच्या स्वभावाविषयी. स्वभाव सांगणाऱ्या वाक्यात संख्येचा दावा मुळात नसतोच. म्हणून शहामृग आणि पेंग्विन ठाऊक असूनही ‘पक्षी उडतात’ हे आपल्याला खोटे वाटत नाही, ‘सगळे पक्षी उडतात’ हे मात्र लगेच खोटे ठरते. ‘डासांमुळे हिवताप होतो’ हे तर टोकाचे उदाहरण: डासांच्या साडेतीन हजारांच्या आसपास जातींपैकी ॲनॉफिलीस गटातल्या काही थोड्या जातीच हा रोग पसरवतात, आणि त्यांतही फक्त माद्या, तरीही हे वाक्य कोणाला खटकत नाही. तेव्हा ‘काही’ घालण्याची सक्ती व्याकरण करत नाही.

अन्यायाचे मूळ मला या सैलपणातच दिसते. न्यायशास्त्रातली, म्हणजे कायद्याच्या नव्हे तर जुन्या भारतीय तर्कशास्त्रातली व्याप्ती, म्हणजे ‘जेथे धूर तेथे अग्नी’ यासारखा नियम, एका अपवादानेही मोडते. उलट बाजूने ‘जेथे अग्नी तेथे धूर’ म्हणावे, तर तापलेल्या लोखंडाचा गोळा ते खोटे पाडतो. (अशा अपवादाला शास्त्रात ‘व्यभिचार’ म्हणतात, आजचा रूढ अर्थ येथे मनात आणू नये.) ‘तरुण उतावीळ असतात’ म्हणणाऱ्याला मात्र दहा शांत तरुण दाखवले, तरी ‘मी सगळे कुठे म्हटले?’ असे म्हणून तो सुटतो, आणि दुसऱ्याच क्षणी समोरच्या एका तरुणाचे म्हणणे त्याच वाक्याच्या जोरावर उडवून लावतो. बोलताना ‘सगळे’चा लाभ घ्यायचा आणि हरकत आली की ‘काही’च्या आड जायचे, हे न्याय्य नव्हे. वर्गाविषयी सैलपणे बोलायला माझी हरकत नाही; ते विधान एका व्यक्तीवर निकालासारखे लादायला आहे. त्यात ‘च’ जोडून ‘असतातच’ म्हटले, तर सैलपणाची सबबही उरत नाही.

‘काही’ हा उपाय मला फारसा पटत नाही. ‘काही तरुण उतावीळ असतात’ या वाक्यातून काय कळले? कोणत्याही वयाच्या माणसांविषयी ते खरेच असणार. ‘बहुतेक’ने निदान संख्येची जबाबदारी येते, आणि ‘मला भेटलेले’ हे त्याहून प्रामाणिक आहे.

‘तू नेहमी उशीर करतोस’ हेही सामान्यीकरणच आहे, फक्त ते माणसांऐवजी प्रसंगांचे आहे. ऐकणारा वेळेवर आल्याचे दिवस मोजू लागतो आणि उशिराचा विषय बाजूला पडतो. ‘या आठवड्यात दोनदा उशीर झाला’ असे म्हटले, तर त्याला निदान त्या दोन दिवसांविषयी उत्तर द्यावे लागते.