कुमाऊंत सासूबाई जेवतील काय? आणि वाचकांचे आणखी दोन प्रश्न

प्रश्न: ताई नमस्कार, डिसेंबरात आम्ही घरचे पाचजण उत्तराखंडातल्या कुमाऊंला जातोय, काठगोदामपर्यंत रेल्वे आणि पुढे गाडी करून अल्मोडा, कौसानी, मुनस्यारी. सासूबाई ७२ वर्षांच्या आहेत, त्यांना पनीर, मैदा, नूडल्स काही म्हणजे काही चालत नाही. कुळथाचं पीठ आणि नाचणीचं पीठ बांधून न्यावं का? किती न्यावं? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर: अजिबात नेऊ नका, अहो तुम्ही कुळथाच्याच गावाला चाललाय! तिथे ज्याला गहत म्हणतात तो आपला कुळीथच, मडुवा म्हणजे नाचणी, आणि मादिरा म्हणून जो बारीक दाणा शिजवतात तो खाल्ला की सासूबाईंना उपासाची भगरच आठवेल. थंडीत गहतची डाळ घरोघरी शिजते कारण ती उष्ण, आणि मुतखड्यावर चांगली असं तिथल्या आज्याही सांगतात, अगदी आपल्या कोकणातल्या आज्यांसारखं.

पण एक गोष्ट नीट लक्षात घ्या, हे जेवण मागावं लागतं. मी पहिल्यांदा गेले तेव्हा चार दिवस प्रत्येक ठिकाणी पनीर आणि तंदूर रोटीच समोर आली, मला वाटलं इथलं खाणं हेच, आणि पाचव्या दिवशी एका होमस्टेच्या स्वयंपाकघरात सहज डोकावले तर घरची माणसं चुलीपाशी बसून वेगळंच काहीतरी जेवत होती. मी विचारलं हे आम्हाला का नाही दिलं, तर त्या घरातल्या दीदी संकोचून म्हणाल्या, ये तो हमारा घर का खाना है, आपको अच्छा नहीं लगेगा. मला इतकं वाईट वाटलं ना तेव्हा. ती होती भट्टची चुडकानी. भट्ट म्हणजे तिथलं काळं सोयाबीन, लोखंडी कढईत तेलावर दाणे तडतडून फुटेपर्यंत परतायचे, मग त्यातच थोडं पीठ भाजायचं आणि पाणी घालून मंद आचेवर उकळत ठेवायचं, कढईचं लोखंड उतरून रस्सा हिरवट काळा होतो. फोडणीला जंबू, म्हणजे वरच्या उंच डोंगरातली सुकवलेली पात, कांदा-लसणाच्या जातीतली, चिमूटभर टाकली तरी घरभर वास. सोबत भात आणि पाट्यावर वाटलेलं हिरवं मीठ, लसूण मिरची कोथिंबीर घालून.

तर बुकिंग करतानाच फोनवर सांगून ठेवा की आम्हाला गहत, भट्ट, मडुव्याची रोटी हवी, आणि आदल्या दिवशी परत आठवण करा, कारण डुबके, म्हणजे वाटलेल्या गहत-भट्टचं दाट कालवण, करायचे तर कडधान्य रात्रीच भिजत घालावं लागतं. आणि निघताना दोन किलो गहत आणि मडुवा तिथूनच विकत घ्या, ही माझी कळकळीची विनंती आहे. डोंगरातली गावं ओस पडत चाललीयेत, मुलं खाली हल्द्वानीला, दिल्लीला गेली, उरलेल्या शेतात माकडं आणि रानडुकरं काही ठेवत नाहीत, तरी बायका पायऱ्यापायऱ्यांच्या शेतात हे पिकवतात. पाहुण्यानं पनीर मागितलं की तो पैसा परत खाली बाजारातच जातो.

सासूबाईंसाठी आणखी एक, दुपारी उन्हात बसून नींबू सानून खायला मिळालं तर सोडू नका. डोंगरी लिंबं असतात मोठीच्या मोठी, त्यांच्या फोडी सोलून त्यात मुळा, दही, थोडा गूळ आणि भांगेच्या बियांचं मीठ कालवतात, आणि सगळ्या बायका अंगणात चटईवर बसून एकाच परातीतून खातात. मुनस्यारीच्या वाटेवर कालामुनीचा घाट लागतो, बर्फ पडला की रस्ता बंद होतो, म्हणून एक दिवस हातचा ठेवा. तिथून समोर पंचचूली दिसते, पाच शिखरं, पांडवांनी स्वर्गाला जाण्याआधी शेवटचा स्वयंपाक केला त्या पाच चुली असं म्हणतात, आणि संध्याकाळी शिखरं तांबडी होतात तेव्हा खरंच पेटल्यासारखी वाटतात.

प्रश्न: भांगेची चटणी खाल्ली तर चढते का हो? लहान मुलं बरोबर आहेत. (एक वाचक, सोलापूर)

उत्तर: नाही चढत. ती बियांची चटणी असते, बिया भाजून, वाटून, लिंबू पिळून करतात, तिथली लहान मुलंही खातात. आपल्या तिळाच्या चटणीच्या जवळची चव आहे.

प्रश्न: हरेला म्हणजे नक्की काय? तो आमच्या श्रावणातच येतो का? (एक वाचक, सातारा)

उत्तर: हरेला हा कुमाऊंतला सण, पण तो आपल्या श्रावणात येत नाही. कुमाऊंत महिना संक्रांतीला सुरू होतो, त्यामुळे त्यांचा श्रावण कर्क संक्रांतीला, साधारण १६ जुलैला लागतो आणि हरेला त्याच दिवशी. पण तुम्हाला तो समजायला वेळ लागणार नाही, नवरात्रात आपण घटाभोवती धान पेरतो ना, तसंच. नऊ-दहा दिवस आधी टोपलीत माती घालून पाच किंवा सात धान्यं पेरतात, देवघराजवळ अंधारात ठेवतात म्हणून रोपं पिवळी धमक येतात. दसऱ्याला आपल्याकडे घटातलं धान टोपीत खोवतात, तिथे घरातली मोठी बाई हरेल्याची पाती कापून पायापासून गुडघे, खांदे करत डोक्यावर ठेवते आणि म्हणते, जी रये, जागि रये. म्हणजे जगत राहा, जागा राहा, हरळीसारखा पसर, सिंहाची ताकद येवो, कोल्ह्याची हुशारी येवो, आणि इतका म्हातारा हो की भातसुद्धा पाट्यावर वाटून खावा लागेल आणि झाड्याला जाताना काठी टेकावी लागेल! एवढा खरा आशीर्वाद मी दुसरीकडे कुठे ऐकलेला नाही.

जी मुलं नोकरीसाठी लांब गेलीत त्यांना ही पाती पाकिटात घालून पोस्टाने पाठवतात. पोचेपर्यंत पार वाळून गेलेली असतात, तरी ती डोक्याला लावून कानामागे ठेवतात.