पुस्तकात राहिलेला कागद

माटुंगा, मुंबई
मे महिन्याचा शेवट

प्रिय मुली,

आधी माफी मागते. तू परत केलेल्या केमिस्ट्रीच्या पुस्तकातून एक कागद निघाला आणि मी तो वाचला. आमच्याकडे पुस्तक परत आलं की झटकून बघायची पद्धत आहे. सत्तावीस वर्षांत काय काय पडलंय त्यातून! लोकलची तिकिटं, मोरपीस, रक्ताचा रिपोर्ट, एकदा शंभराची नोट, आणि प्रेमपत्रं तर इतकी की त्यांची वेगळी नोंदवही घालावी लागली असती. ती मी वाचत नाही, घडी न मोडता बाजूला ठेवते. तुझ्या कागदाची घडी पडतानाच उघडली आणि वर मोठ्या अक्षरात ‘एफवायचा हिशेब’ असं दिसलं. अख्ख्या पहिल्या वर्षाचा हिशेब म्हटल्यावर माझ्यासारख्या बाईला राहवत नाही.

मधोमध उभी रेघ. डावीकडे ‘कमावलं’, उजवीकडे ‘गमावलं’. उजवीकडे नऊ ओळी, डावीकडे एकच: ‘दादरचे जिने पाठ झाले.’ मला हसू आलं. मग त्याखाली तू लिहिलेलं ‘बस, एवढंच’ वाचलं आणि चहा गार होईपर्यंत कागद हातात धरून बसले.

योगायोग असा की सध्या आमचाही हिशेब चाललाय. मे महिन्यात तुम्ही सगळ्या गावाला जाता तेव्हा आम्ही स्टॉक व्हेरिफिकेशन करतो. एकीने दाखल अंक, म्हणजे पुस्तकाचा नोंदणी क्रमांक, वाचायचा, दुसरीने कपाटात बोट फिरवायचं, सापडलं की टिक. पहिल्या फेरीला दर वर्षी शे-दीडशे पुस्तकं ‘नाहीत’ अशी निघतात. नवीन लागलेली मुलगी घाबरते. मी तिला सांगते, लाल शाई इतक्यात उघडू नकोस, पेन्सिलीने लिही. कारण दुसऱ्या फेरीत त्यातली बरीचशी सापडतात. कुणी ५३० क्रमांकाच्या कप्प्यातलं भौतिकशास्त्र १५० च्या मानसशास्त्रात खोचलेलं असतं, काही बाइंडिंगला गेलेली असतात, दोन-चार तर माझ्याच टेबलाखाली असतात. हरवलेलं वेगळं आणि भलत्या कप्प्यात गेलेलं वेगळं. तुझा कागद मला पहिल्या फेरीचा वाटतो, आणि तो तू थेट लाल शाईने लिहिला आहेस.

म्हणून दुसरी फेरी मी केली. तुझ्या परवानगीशिवाय केली, त्याचीही माफी यातच धर.

तुझी तिसरी ओळ आहे, ‘इंग्लिश जमलंच नाही.’ हे तू मनाने लिहिलंस. माझ्याकडे कागद आहे. संदर्भ विभागातली पुस्तकं घरी देत नाही, तिथेच बसून बघायची आणि वहीत सही करायची, हे तुला माहीत आहे. ती वही मी काल काढली. जूनच्या शेवटापासून तुझी सही जवळजवळ रोज आहे, समोर एकच पुस्तक: इंग्रजी-मराठी शब्दकोश. एका दिवशी तर तीनदा. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर, पानंच्या पानं. तुझी ती सही, ‘ळ’ला लांब शेपूट काढलेली, मराठी शाळेतून आलेल्या मुलीची. ऑक्टोबरात दिवसाआड. दिवाळीच्या सुट्टीनंतर चार सह्या. जानेवारीपासून एकही नाही.

मला आधी वाटलं, पोरीने नाद सोडला. मग तुझं इश्यू रेकॉर्ड उघडलं. शब्दकोश थांबला त्याच महिन्यांत इंग्रजी पुस्तकं वाढली आहेत. म्हणजे तुला कोश लागेनासा झाला, आणि तो कधी लागेनासा झाला ते तुला कळलंसुद्धा नाही. जिना चढताना धाप लागली तर आठवते, लागायची थांबली की तारीख कोण लिहून ठेवतं?

आठवण अशीच असते, माझीही. मला कुणी २००५ साल म्हटलं की एकच दिवस दिसतो, २६ जुलै. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तो दिवस. रीडिंग रूममध्ये पंधरा-वीस मुली रात्रभर अडकल्या होत्या, बिस्किटांचे पुडे मोजून वाटले, पहाटे त्यातल्या काही रुळांवरून चालत निघाल्या. पुढे महिनाभर पोरं फुगून दुप्पट झालेली पुस्तकं घेऊन येत होती आणि आम्ही पानापानात टीपकागद घालून ती पंख्याखाली मांडत होतो. माझ्या डोक्यात ते अख्खं साल ओलं आहे. पण त्या सालची कामाची वही काढली तर? त्याच वर्षी आम्ही पुस्तकांच्या नोंदी कॉम्प्युटरवर चढवायला घेतल्या. ज्या मशीनला हात लावायला मी घाबरत होते, त्यावर डिसेंबरात मी दुसरीला शिकवत होते. हे मला आठवत नाही. माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे म्हणून मानावं लागतं.

आता प्रवास. ‘निम्मा दिवस गाडीत गेला,’ असं तू लिहिलंस. बदलापूर सीएसएमटीपासून ६८ किलोमीटर, दादर ९. म्हणजे एका बाजूने ५९. जाऊन-येऊन अडीच तास धरू आणि वर्षात तू १८० दिवस आलीस असं धरू: साडेचारशे तास. नव्या शैक्षणिक धोरणात एका थिअरी क्रेडिटला पंधरा तासांचं शिकवणं असतं आणि वर्षाला किमान ४० क्रेडिट, म्हणजे सगळी थिअरी धरली तर ६०० तास. तेव्हा तुझी तक्रार खरी आहे. कॉलेजच्या पाऊण पट कॉलेज तू मध्य रेल्वेवर केलंस. ‘लोकलमध्ये अभ्यास कर’ असा सल्ला देणाऱ्यांनी सकाळची बदलापूर लोकल पाहिलेली नसते, मी तो देणार नाही. उभ्याने, कुणाचं कोपर बरगडीत असताना कुणाला इंटिग्रेशन सुचत नाही. मात्र ते साडेचारशे तास ‘गमावलं’मध्ये टाकायलाही मी तयार नाही. जूनमध्ये तू काउंटरवर नाव सांगतानासुद्धा मान खाली घालायचीस. फेब्रुवारीत एका मुलाने रांग मोडली तेव्हा तू त्याला जे सुनावलंस, ते लेडीज डब्यात चौथ्या सीटसाठी ‘कुठे उतरणार?’ विचारता विचारताच शिकलीस, हे मी पैजेवर सांगते. पुढच्या वर्षी जाताना झोप काढ, निदान डोळे मीट. अभ्यासाचे तास कॉलेजात शोध. दुपारी दोन ते चार रीडिंग रूम रिकामी असते.

इथे मला थोडं कडू बोलायचं आहे.

तुझ्या नऊ ओळींत फोन नाही. जानेवारी-फेब्रुवारीत तू खिडकीजवळच्या टेबलावर बसायचीस, पुस्तक टेबलावर उघडं, फोन मांडीवर. पुस्तकाचं पान तासाला एक उलटायचं, अंगठा मात्र सतत चालू. माझ्या खुर्चीवरून ते टेबल सरळ दिसतं. आणि कॅल्क्युलस, तुझा राहिलेला विषय. पहिल्या ओळीत तू लिहिलंस, ‘कॅल्क्युलसला केटी, कारण पुस्तकं इंग्लिशमध्ये.’ त्या पुस्तकाची इश्यू रेकॉर्डमधली नोंद काही वेगळं सांगते. तू ते पहिल्यांदा नेलंस १८ मार्चला. परीक्षा एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात. केमिस्ट्रीचं जाडजूड इंग्रजी पुस्तक तू नोव्हेंबरपासून चार वेळा नेलंस आणि त्यात पास झालीस. तेव्हा भाषेवर आळ घालू नकोस. पुस्तक उशिरा नेलं, एवढंच आहे ते, आणि त्यावर उपाय आहे.

सरकारसुद्धा आम्हाला थोडी सूट देतं, तुला गंमत वाटेल. केंद्र सरकारच्या सामान्य वित्तीय नियमांत, २०१७ च्या, २१५ क्रमांकाचा नियम ग्रंथालयांसाठी आहे. वर्षभरात दिलेल्या आणि चाळलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच हरवली तर ते वाजवी नुकसान मानावं. पुस्तकं हाताळली जाणार तर थोडी जाणारच, हे नियम करणाऱ्याला ठाऊक होतं. पण पुढे एक अट आहे: ते नुकसान अप्रामाणिकपणामुळे किंवा निष्काळजीपणामुळे झालेलं नसावं. तुझ्या नऊ ओळींना मी हीच अट लावली. प्रवास सूट. ऑडिशनला गेली नाहीस, सूट, एकांकिका पुढच्या वर्षीही होणार आहेत. वर्गात एकही प्रश्न विचारला नाहीस, यात अर्धीच सूट, कारण सप्टेंबरपर्यंत कारण होतं, नंतर नव्हतं. कॅल्क्युलस आणि मांडीवरचा फोन, सूट नाही.

शाळेतल्या मैत्रिणीशी बोलणं तुटलं ती ओळ माझ्या कुठल्याच नियमात बसत नाही. तिला फोन कर.

राहिली शेवटची ओळ. ती तू सगळ्यात बारीक अक्षरात लिहिलीस, ‘बाबांना अजून सांगितलं नाही.’ यावर मी बोलू शकते, कारण या विषयात मीही नापास आहे.

मी दुसऱ्या वर्षाला असताना एका विषयात गेले. लालबागची चाळ. वडील गिरणीत होते. जानेवारी १९८२ च्या संपानंतर त्यांची गिरणी त्यांच्यासाठी परत उघडलीच नाही, आणि या गोष्टीच्या वेळी ते एका गोडाउनवर रखवालीला जात होते. मी मार्कशीट ट्रंकेत तळाला, वर्तमानपत्राच्या खाली घातली आणि ‘पास’ म्हणून सांगितलं. मला वाटलं, ऑक्टोबरला पेपर सोडवीन, कुणाला कळणार नाही. वडील काही न बोलता खाली गेले आणि पाव किलो पेढे घेऊन आले, उधारीवर. मजल्यावरच्या चौदा खोल्यांत एकेक पेढा स्वतः वाटला. मी दारात उभी राहून बघत होते. तीन आठवड्यांनी आईने ट्रंक उन्हात घातली.

ते ओरडले नाहीत. दोन दिवस बोललेच नाहीत. तिसऱ्या दिवशी एवढंच म्हणाले, “नापास झालीस त्याचं काही नाही गं. मला पेढे वाटू दिलेस.” विषय ऑक्टोबरला सुटला. पेढे अजून सुटलेले नाहीत.

तुझे बाबा कसे आहेत मला माहीत नाही. लोकलच्या पासाच्या कन्सेशन फॉर्मसाठी ते एकदा तुझ्याबरोबर आले होते. ऑफिसच्या रांगेत तू उभी होतीस आणि ते आमच्या दारातल्या नव्या पुस्तकांच्या काचेसमोर उभं राहून शीर्षकं वाचत होते, ओठ हलवत, एकेक. त्यांना दुसऱ्या कुणाकडून कळू देऊ नकोस. रविवारी सांग, सकाळी, जेवणाआधी. एटीकेटीचा अर्थही सांग: टर्म पुढे चालू ठेवायची परवानगी आहे, वर्ष गेलेलं नाही. बऱ्याच घरांत केटी म्हणजे नापास आणि नापास म्हणजे कॉलेज बंद, असंच समजतात.

त्याआधी एक काम कर, म्हणजे सांगताना हातात काहीतरी असेल. पहिल्या वर्षाचे पेपर कॉलेजातच तपासले जातात, तेव्हा परीक्षा विभागात जाऊन उत्तरपत्रिकेच्या फोटोकॉपीसाठी अर्ज दे. त्याची मुदत थोडे दिवसच असते, नोटीस बोर्ड बघ. मार्क वाढतील म्हणून नव्हे, कुठे गेले ते दिसावं म्हणून. गणिताच्या मॅडमकडे ती कॉपी घेऊन जा आणि वर्षभर न विचारलेला तो पहिला प्रश्न तिथे विचार. मराठीत विचारलास तरी चालेल, त्या मूळच्या साताऱ्याच्या आहेत. केटीच्या परीक्षेचा फॉर्म कधी सुटतो तेही त्याच खिडकीवर विचारून ये, मैत्रिणींच्या ग्रुपवर विसंबून राहू नकोस.

तुझा कागद या पत्रासोबत परत करते आहे. डाव्या बाजूला मी पेन्सिलीने दोन ओळी लिहिल्या आहेत, पटल्या नाहीत तर खोडून टाक. दादरचे जिने मात्र तसेच ठेव.

आणि हो, तू पाच पुस्तकं परत केलीस, सहावं नाही. कॅल्क्युलस अजून तुझ्याकडेच आहे, मुदत १० मेला संपली. केटीसाठी ते तुला लागणार हे मला कळतं, म्हणून नवीन तारीख घालून देईन. पण त्यासाठी पुस्तक घेऊन काउंटरवर यावं लागेल, आणि रोज एक रुपया दंड आहे. तो मी कुणालाच माफ करत नाही. सुट्टे आण.

तुझी,
ग्रंथालयातल्या बाई