शिवणातून उरलेल्या कापडाच्या तुकड्यांची गोधडी होईल का?

होते की, मस्त होते. फक्त आधी सुती आणि सिंथेटिक वेगळं करा, कारण जॉर्जेट-बिर्जेट मधे आलं की ते सरकतं, टाका नीट बसत नाही आणि धुतल्यावर सुती आटतं नि हे तसंच राहतं, मग फुगे येतात. नवं कापड, खासकरून लाल, आधी धुऊनच घ्या. तळाला जुनी सुती साडी, त्यावर तुकडे कडा दुमडून ठेवायचे आणि धावदोरा घालत जायचं. कर्नाटकातल्या सिद्दी समाजाच्या बायका कवंडी, म्हणजे त्यांची तुकड्यांची गोधडी, कडेपासून सुरू करून मध्याकडे शिवत नेतात, नवख्यांनी तसंच करावं, मापात कापायची कटकटच नाही. अगदीच बारीक चिंध्या उशीत भरा. आणि पहिलीच गोधडी डबलबेडची काढू नका हो, बाळाचं दुपटं करा.